अंगणच वाकडं असेल तर: शाळेच्या हॉलमध्ये माइक, स्पीकर आणि प्रोजेक्टर बसवताना

शाळेच्या हॉलसाठी साउंड सिस्टिम आणि प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं की पहिली बैठक हमखास यादीवर होते. किती वॅटचे स्पीकर, किती माइक, कुठल्या कंपनीचा प्रोजेक्टर. ती यादी करण्याआधी एक काम करा. हॉल रिकामा असताना मधोमध उभे राहा आणि एकदाच जोरात टाळी वाजवा. टाळी लगेच विरली तर तुम्ही नशीबवान. बहुतेक हॉलमध्ये ती विरत नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत, छताला जाऊन परत येत ती कितीतरी वेळ रेंगाळते. यादीतली एकही वस्तू हे रेंगाळणं कमी करत नाही. स्पीकर जितके जोरदार, तितकंच ते रेंगाळणंही जोरदार.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण सबब सांगणाऱ्याला म्हणतो. हॉलच्या बाबतीत मात्र मी ही सबब खरी धरायला शिकलो आहे. बोलणारे शिक्षक नीट बोलत असतात, माइक ठीक असतो, अँप्लिफायर ठीक असतो आणि अंगण खरोखरच वाकडं असतं. म्हणून आधी अंगण पाहू, यंत्रांच्या डब्यांकडे मग येऊ.

आवाज घुमतो म्हणजे काय होतं

"ऐकू येतं, पण कळत नाही." मागच्या रांगेतल्या मुलांची ही तक्रार अगदी अचूक असते आणि तिचं उत्तर बाराखडीत आहे. बोलताना स्वर जोरदार आणि लांब असतात, त्यांची बरीचशी ताकद खालच्या पट्टीत असते. क, ट, त, प, स, श ही व्यंजनं क्षणभराची, दुबळी आणि वरच्या पट्टीतली, साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर. आता पाट, पाठ, पात, पाक, पाप हे शब्द घ्या. पाचही शब्दांत 'पा' तोच, अर्थ ठरतो तो शेवटच्या चिमुकल्या व्यंजनावर. घुमणाऱ्या हॉलमध्ये 'पा'चा आकार रेंगाळत राहतो आणि मागून येणारं व्यंजन त्याच्याखाली गाडलं जातं. मागच्या रांगेला पाच वेळा 'पाऽऽ' ऐकू येतं. आवाज वाढवला की 'पाऽऽ' मोठा होतो, व्यंजन तिथंच राहतं.

हे मोजायचं कसं, हा प्रश्न सुटला तोही एका शिक्षणसंस्थेच्या हॉलमुळेच. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की तिथलं व्याख्यान कुणाला कळेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं गेलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा उचलून आणल्या, रात्री बाहेरची वर्दळ थांबली की ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज किती वेळाने ऐकू येईनासा होतो ते घड्याळ लावून मोजायचं, असा क्रम ठेवला. रिकाम्या खोलीत तो काळ साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. उशा वाढवल्या की काळ कमी. या खटाटोपातून जे सूत्र निघालं ते आजही वापरात आहे आणि त्याच्याच आधारे आखलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उघडला.

सूत्र एका ओळीचं आहे. हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि हॉलमधल्या एकूण शोषणाने भागा. उत्तर येतं सेकंदांत. आवाज ६० डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या जोराचं माप) खाली यायला, म्हणजे जवळजवळ नाहीसा व्हायला, लागणारा तो वेळ. शोषण म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती हिस्सा गिळतो ते.

एक हॉल धरू: २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच. घनफळ १४४०. जमीन, छत आणि चार भिंती मिळून ८६४ चौरस मीटर. सिमेंटचा गिलावा आणि फरशी आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग गिळतात, म्हणजे शोषण झालं सुमारे २६. गणित करा: जवळजवळ ९ सेकंद! प्रत्यक्षात दारं, खिडक्या, बाकं यांमुळे आकडा खाली येतो, पण रिकामा हॉल गुहेसारखा का वाटतो ते कळलं असेल. आता ३०० मुलं आत येऊन बसली. एक मूल, कपड्यांसकट, साधारण ०.३५ चौरस मीटर इतकं शोषण करतं. ३०० मुलांचे १०५. एकूण १३१, आणि काळ उतरतो १.८ सेकंदांवर. अजून जास्तच आहे. बोलण्यासाठी या मापाच्या हॉलमध्ये १ सेकंदाच्या जवळपास हवा. मागची भिंत आणि बाजूच्या भिंतींचा वरचा भाग मिळून ८० चौरस मीटरवर चांगले शोषक पॅनेल लावले तर आणखी ६२ ची भर पडते आणि भरलेला हॉल १.२ सेकंदांवर येतो. रिकामा ९ वरून अडीच-पावणेतीनवर.

यात एक गोष्ट सहज निसटते. मुलं स्वतःच सगळ्यात मोठं शोषक साहित्य आहेत. त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये ऐकून सिस्टिम 'लावून' जाणारा माणूस चुकीच्या हॉलसाठी लावून जातो.

पॅनेलबद्दल थोडं. पातळ सतरंजी भिंतीवर ठोकली तर फक्त वरची पट्टी गिळली जाते, म्हणजे आधीच दुबळी व्यंजनं मारली जातात आणि 'पाऽऽ' तसाच घुमत राहतो. निदान ५ सेंटिमीटर जाडी हवी आणि मागे थोडी हवेची पोकळी सोडली तर आणखी बरं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला कुणीतरी देतंच; त्याने भिंत विचित्र दिसते, बाकी फारसं काही होत नाही. साधा फोम तर अजिबात नको. तो भराभर पेटतो आणि विषारी धूर सोडतो. मुलांच्या हॉलमध्ये आगीच्या कसोटीला उतरलेलंच साहित्य लावायचं, त्यात तडजोड नाही. हॉलमध्ये खेळही होत असतील तर पॅनेल चेंडूचा मार खाणारं हवं.

आणि सगळ्यात कमी कौतुक होणारी वस्तू म्हणजे जाड, भरपूर चुण्यांचा पडदा. खिडकीची काच आवाज परत फेकते, पडदा गिळतो. तोच पडदा प्रोजेक्टरसाठी काय करतो ते पुढे येईलच.

स्पीकर: वॅटपेक्षा जागा

बोलणाऱ्याच्या तोंडून थेट येणारा आवाज अंतरासोबत कमी होतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने. घुमणारा आवाज मात्र हॉलभर सगळीकडे जवळजवळ सारखाच भरलेला असतो. म्हणजे कुठेतरी एक अंतर असं येतं की तिथे थेट आवाज आणि घुमणारा आवाज बरोबरीचे होतात. वरच्या हॉलमध्ये, मुलं बसलेली असताना, माइकशिवाय बोलणाऱ्या माणसासाठी हे अंतर सव्वादोन मीटर भरतं. बस्स, तेवढंच. त्याच्या तिपटीपर्यंत बोलणं बऱ्यापैकी कळतं असा एक ठोकताळा आहे. तो धरला तरी सातव्या मीटरला गोष्ट संपते आणि हॉल तर २० मीटरचा आहे.

स्पीकरचं खरं काम इथे दिसतं. आवाज मोठा करणं हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे आवाज मुलांकडे टाकणं आणि भिंती-छताकडे न टाकणं. आवाज आवळून एका दिशेला सोडणारा उभा स्तंभासारखा स्पीकर घेतला तर तेच बरोबरीचं अंतर पाच मीटरच्या पुढे जातं आणि तिप्पट म्हणजे पंधरा मीटर. पॅनेलही लावले असतील तर एकोणीसच्या जवळ. हॉल जवळपास संपला! हे सगळं वॅटचा आकडा न काढता झालं, याकडे लक्ष द्या.

वॅटचं म्हणाल तर १०० वॅटऐवजी २०० वॅट दिले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला 'दुप्पट' वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. दुकानात ५०० आणि ६०० वॅटवर होणारी घासाघीस त्यामुळे मला नेहमी गमतीची वाटते.

स्पीकर उंच लावा आणि त्याचं तोंड मागच्या दोन-तृतीयांश मुलांकडे झुकवा. पुढच्या मुलांना अंतर कमी असल्याने तसाही पुरेसा आवाज मिळतो. स्पीकर सरळ समोर ठेवला तर आवाज मुलांच्या डोक्यावरून जाऊन मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत रंगमंचावर येतो. तिथे माइक वाट पाहत असतोच.

हॉल लांब असेल तर मध्यावर आणखी एक जोडी लावावी लागते आणि इथे बऱ्याच ठिकाणी घोडं अडतं. वीज तारेतून तत्काळ पोचते, आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर इतक्याच वेगाने चालतो. पुढचे स्पीकर १२ मीटर लांब असतील तर त्यांचा आवाज मधल्या मुलांपर्यंत यायला ३५ मिलिसेकंद लागतात आणि डोक्यावरचा स्पीकर तोवर बोलून मोकळा झालेला असतो. एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. उपाय असा की मधल्या जोडीला मुद्दाम उशीर लावायचा. ३५ मिलिसेकंद अधिक वर साधारण १०, म्हणजे ४५. हे वरचे १० कशासाठी? हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिलं की तोच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला तर मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि आधी आला त्या दिशेने आवाज आला असं मानतो, नंतरचा काहीसा मोठा असला तरी. त्यामुळे मुलांना आवाज रंगमंचावरूनच येतोय असं वाटतं, प्रत्यक्षात मदत मात्र डोक्यावरचा स्पीकर करत असतो. फरक ५० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला की जोड उसवते आणि प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. हा उशीर आजच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणाऱ्या यंत्रात, एका आकड्यानिशी लावता येतो. टेप घेऊन अंतर मोजायचं, ३४३ ने भागायचं.

स्पीकर फार असतील आणि तारा लांब जात असतील तर १०० व्होल्ट लाइनची पद्धत सोयीची. प्रत्येक स्पीकरला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यावर किती वॅट घ्यायचे ते निवडता येतं आणि सगळ्यांची बेरीज अँप्लिफायरच्या क्षमतेच्या आत ठेवली की झालं. मोजकेच दोन-चार स्पीकर असतील तर नेहमीची ४ किंवा ८ ओहमची जोडणी. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका अँप्लिफायरवर भार जास्त. फक्त ८ ओहमचे दोन समांतर जोडले की अँप्लिफायरला ४ ओहम दिसतात आणि चार जोडले की २, हे विसरून अँप्लिफायर जाळणारे बरेच आहेत.

माइक शिट्टी का मारतो

माइकने ऐकलं, स्पीकरने मोठं केलं, ते पुन्हा माइकने ऐकलं. या फेऱ्यात आवाज दर वेळी थोडा तरी वाढत असेल तर एक सूर पकडला जातो आणि कुईं सुरू होते. मग मिक्सरवर बसलेला घाबरून सगळंच खाली ओढतो.

यावर सगळ्यात मोठा इलाज फुकटात आहे: माइक तोंडाजवळ आणणं. ४० सेंटिमीटरवरचा माइक १० सेंटिमीटरवर आणला की बोलणाऱ्याचा आवाज माइकमध्ये १२ डेसिबलने वाढतो आणि तेवढाच मिक्सरवर कमी करता येतो. एवढा फायदा देणारं कुठलंही यंत्र मला माहीत नाही. लाजणारं मूल माइकपासून मागे मागे सरकतं, मिक्सरवाला आवाज वाढवत जातो आणि शिट्टी वाजते, हा क्रम प्रत्येक कार्यक्रमात पाहायला मिळतो. शाळेच्या रंगीत तालमीत कवितेसोबत माइक धरण्याचीही तालीम घ्यावी.

धरण्यावरून आठवलं. मोठ्या गायकांचं पाहून मुलं माइकची जाळी मुठीत पकडतात. हातात धरायचे बहुतेक माइक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतात. ही युक्ती जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत येऊ शकते म्हणून चालते. मुठीने ती वाट बंद केली की माइक चहूबाजूंचं ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. माइकच्या दांड्यावरच धरायचं.

दुसरं म्हणजे स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, मुलांच्या बाजूला. तिसरं, जो माइक वापरात नाही तो बंद. एकाच वेळी उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. नाटकासाठी आठ माइक टांगून सगळे उघडे ठेवले तर एका माइकच्या तुलनेत ९ डेसिबल गमावले. कॉलरला लावायचा माइक तोंडापासून वीतभर लांब असतो, त्यामुळे घुमणाऱ्या हॉलमध्ये तो त्रासदायक. गालाजवळ येणारा माइक दिसायला खटकतो पण काम चोख करतो.

वायरलेस माइकचा रिसीव्हर कपाटात बंद करून ठेवू नका. त्याच्या अँटेनाला माइक 'दिसला' पाहिजे, मध्ये माणसांची भिंत नको. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे माइक शाळेच्या वायफायशी भांडतात, हेही खरेदीच्या वेळी विचारून घ्या. माइक ज्या लहरींवर चालतो त्या वापरायला तुमच्याकडे परवानगी लागते का, तेही.

पडदा, प्रकाश आणि काळा रंग

प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. त्याच्याकडे फक्त प्रकाश आहे. पडद्यावर जे काळं दिसतं ते म्हणजे प्रोजेक्टरने प्रकाश न टाकलेली जागा, आणि ती जागा खोलीतल्या उजेडात जेवढी पांढरी दिसते त्याहून काळी होऊच शकत नाही. सगळं गणित इथे आहे.

शेवटची रांग पडद्यापासून १८ मीटरवर आहे असं धरा. अक्षरं वाचायची असतील तर चित्राची उंची या अंतराच्या सहाव्या हिश्शाइतकी तरी असावी. म्हणजे ३ मीटर, रुंदी ५.३ मीटर, क्षेत्रफळ १६ चौरस मीटर. ५००० ल्युमेनचा, म्हणजे एकूण तेवढा प्रकाश टाकणारा, प्रोजेक्टर एवढ्या जागेवर पसरला की प्रत्येक चौरस मीटरला ३१२ ल्युमेन, म्हणजेच ३१२ लक्स, येतात. खिडक्या उघड्या असताना पडद्यावर बाहेरून १०० लक्स पडत असतील तर पांढरं ४१२ आणि काळं १००. चारास एक. आकृत्या आणि मजकूर नीट कळायला पंधरास एक तरी हवं. खिडक्यांचे पडदे ओढून बाहेरचा उजेड २० लक्सवर आणला तर पांढरं ३३२, काळं २०: सोळास एक. काम झालं.

पडदे न ओढता हेच साधायचं तर? त्याच १६ चौरस मीटरवर प्रोजेक्टरचे १४०० लक्स हवेत, म्हणजे २२,४०० ल्युमेन. एवढे प्रोजेक्टर असतात, पण त्यांचं वजन, आवाज आणि किंमत शाळेच्या हॉलला शोभणारी नाही. आवाजासाठी लावलेला जाड पडदा इथे दुसऱ्यांदा कामी येतो. शिवाय रंगमंचावरच्या दिव्यांच्या पहिल्या ओळीला वेगळा स्विच हवा. तो नसेल तर चित्र दाखवायचं म्हणजे सगळा हॉल अंधारात आणि अंधारात ३०० मुलं म्हणजे काय, ते शिक्षकांना सांगायला नको.

प्रोजेक्टर कुठे टांगायचा ते त्याच्या माहितीपत्रकातल्या एका गुणोत्तरावर ठरतं: अंतर भागिले चित्राची रुंदी. ते १.५ असेल तर ५.३ मीटर रुंदीसाठी ८ मीटर अंतर. हे खरेदीच्या आधी काढायचं, नाहीतर बरोबर त्या जागी तुळई किंवा पंखा निघतो. तिरका लावून वाकडं पडलेलं चित्र प्रोजेक्टरमधल्या 'किस्टोन' या सोयीने सरळ करता येतं, पण तसं करताना प्रोजेक्टर आपलेच काही ठिपके वाया घालवतो आणि अक्षरं मऊ पडतात. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांत बदलावा लागतो. लेझरवाल्यांना साधारण २०,००० तासांचं आयुष्य सांगतात. दोन्हींना धूळ मारते. जाळी साफ करायला शिडी तिथपर्यंत पोचते ना, हे टांगण्याआधी पाहा.

भिंतीआड जाणाऱ्या तारा

तारा कुणाला दिसत नाहीत म्हणून त्यांच्यावर कुणी बोलत नाही, आणि पुढच्या दहा वर्षांतल्या निम्म्या कटकटी तिथूनच येतात.

माइकच्या तीन पिनांच्या तारेत आवाज दोन तारांतून जातो, एकीतून सुलटा आणि दुसरीतून उलटा. वाटेत गोळा होणारी खरखर दोन्हींत सारखीच शिरते. पलीकडे उलटा परत सुलटा करून दोन्ही मिळवले की आवाज दुप्पट होतो आणि खरखर एकमेकींना मारून टाकते. म्हणून ही तार हॉलभर फिरवली तरी चालते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघणारी साधी तार पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. तिथे रंगमंचावरच एक छोटा डीआय बॉक्स लावून तिला तीन पिनांच्या पद्धतीत आणायचं.

विजेची तार आणि माइकची तार एकाच पाइपातून कधीच नाही. त्यांच्यात फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. तरीही 'हूंऽऽ' असा खालचा सूर येत असेल, तर तो वीजपुरवठ्याचा ५० किंवा ६० हर्ट्झचा सूर आहे. बहुतेक वेळा लॅपटॉप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असतो आणि दोघांच्या अर्थिंगमधून एक फेरा तयार होतो. सगळी साधनं एकाच बोर्डाच्या पुरवठ्यावर आणा किंवा मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. काही जण अर्थिंगची पिनच काढतात आणि हूं बंद झाला म्हणून खूश होतात. त्या क्षणापासून माइकच्या धातूच्या दांड्यात वीज उतरण्याची वाट मोकळी झालेली असते आणि तो दांडा मुलाच्या हातात असतो.

आता चित्राची तार. रंगमंचावरून भिंतीवर चढून, छतावरून प्रोजेक्टरपर्यंत जाताना २५ मीटर सहज होतात. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर भरवसा साधारण १० मीटरपर्यंत, फोर-के चित्रासाठी त्याहूनही कमी. पुढे गेलं की चित्र लुकलुकतं किंवा येतच नाही. लांब अंतरासाठी एचडीबेसटी नावाची पद्धत आहे, जी लॅनच्या केबलवरून १०० मीटरपर्यंत चित्र नेते, किंवा काचेच्या तंतूंची एचडीएमआय केबल. तंतूंच्या केबलला दिशा असते: एक टोक लॅपटॉपचं, दुसरं प्रोजेक्टरचं. एका हॉलमध्ये ती उलटी ओढली गेली, भिंत लिंपून रंगवून झाल्यावर ते कळलं, आणि तिचं टोक दोन सेंटिमीटर रुंद असल्याने वळणदार पाइपातून ती परत निघेना. ओढणाऱ्यांमध्ये मीही होतो.

म्हणून पाइप मोठे घ्या, निम्म्याहून कमी भरा, वळणं सौम्य ठेवा आणि प्रत्येक पाइपात एक रिकामी दोरी सोडून ठेवा. उद्या कुठली केबल लागेल ते आज कुणालाच ठाऊक नाही, पण दोरीला बांधून ती ओढता येईल.

सगळं जोडूनही पडदा काळा राहिला तर लगेच प्रोजेक्टरला दोष देऊ नका. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आधी ओळखपत्रं तपासतात: प्रोजेक्टर आपल्याला किती ठिपक्यांचं चित्र झेपतं ते सांगतो, आणि कॉपी-संरक्षण असलेला मजकूर असेल तर परवानगीचीही देवाणघेवाण होते. मधल्या एखाद्या डब्याला ही भाषा कळली नाही तर दोन्ही टोकं धडधाकट असून चित्र येत नाही. ब्लूटूथने आवाज पाठवण्याचा मोहही टाळा. त्यात इतका उशीर होतो की ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

डोक्यावरचं वजन

इथे घरगुती जुगाड नको. २०-२५ किलोचा स्पीकर मुलांच्या डोक्यावर टांगायचा आहे. तो फॉल्स सीलिंगला नाही, तर मूळ तुळईला किंवा स्लॅबला लागला पाहिजे. टांगणीने निदान पाचपट भार पेलावा. आणि मुख्य टांगणीशिवाय वेगळी, स्वतंत्र जागी अडकवलेली पोलादी सुरक्षा-दोरी हवी. पोकळ विटेत फुगणारे बोल्ट धरत नाहीत. जुन्या इमारतीत छताचे पत्रे किंवा पाट्या ॲस्बेस्टॉसच्या असू शकतात, तिथे तपासणीआधी ड्रिल लावायचं नाही. हे काम स्थापत्य अभियंत्याच्या सहीने होऊ द्या. आणि आगीची घंटा वाजली की साउंड सिस्टिम आपोआप गप्प होईल अशी जोडणी करून घ्या, नाहीतर गाण्याच्या दणदणाटात घंटा कुणाला ऐकू येणार?

श्रवणयंत्र वापरणारी मुलं हॉलमध्ये असतात, हे यादी करताना हटकून राहून जातं. जमिनीखालून हॉलभोवती तारेचा एक फेरा टाकला की ज्या श्रवणयंत्रात 'टी' सोय आहे त्यात माइकचा आवाज थेट पोचतो, घुमणं वगळून. फरशी बदलायची असेल तर त्याच वेळी तो फेरा टाकून घ्यावा.

पैसे देण्याआधीची परीक्षा

बसवणारे शेवटी एखादं दणदणीत गाणं लावून दाखवतात. गाणं कुठल्याही स्पीकरवर बरं वाटतं. त्यापेक्षा पंचवीस सुटे शब्द लिहा, एकमेकांशी संबंध नसलेले: पाठ, काच, तास, पात, शंख, असे. वाक्यं नकोत, वाक्यात मन गाळलेला शब्द स्वतःच भरून टाकतं. हॉल मुलांनी भरलेला असताना एका शिक्षकाने रंगमंचावरून ते माइकवर सावकाश वाचायचे आणि पुढे, मध्ये, मागे, कोपऱ्यात बसलेल्या मुलांनी लिहून घ्यायचे. वह्या गोळा करा. मागच्या कोपऱ्यात पंचवीसपैकी बारा बरोबर आले असतील तर काम झालेलं नाही, मग यंत्रांवर कितीही दिवे लुकलुकोत. व्यावसायिक लोक हेच यंत्राने मोजतात आणि ० ते १ मध्ये एक आकडा देतात; ०.६ च्या वर असेल तर चांगलं. तो आकडा करारात लिहून घेता येतो.

चुका आल्या तर मिक्सरवरच्या खुंट्या फिरवून घुमणं कमी करू म्हणणाऱ्यापासून सावध. तो प्रकार म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

शेवटी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरांत. चालू करताना आधी मिक्सर, मग अँप्लिफायर. बंद करताना आधी अँप्लिफायर. उलटं केलं की स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि एखाद दिवशी तो स्पीकरचा शेवटचा असतो. कुठल्या क्रमांकाच्या भोकात कुठला माइक, लॅपटॉप कुठे जोडायचा, वायरलेसच्या बॅटऱ्या कुठल्या खणात, बसवणाऱ्याचा फोन कुठला. रोजच्या वापरासाठी दोनच खुंट्या बाहेर, बाकी मिक्सरला झाकण. कपाटाच्या दोन किल्ल्या करा. एक जो शिक्षक हे बघतो त्याच्याकडे, आणि दुसरी कार्यालयातल्या खिळ्यावर, कारण कार्यक्रमाच्या दिवशी नेमका तोच रजेवर असतो.